वडीगोद्रीच्या खडकातले पाणी : भूजल कसे साठते, कसे चालते

वडीगोद्रीच्या शिवारात कुठे नवी विहीर खणली जात असेल, तर काठावर उभे राहून तिची उभी भिंत नीट न्याहाळावी. सर्वांत वर काळी माती असते; ती कुठे दोन हात, तर गोदावरीच्या बाजूला सरकावे तशी अधिक खोल. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला मातकट थर, मग मुरूम. मुरमाखाली पहारीला दाद देणारा, भेगाळलेला कच्चा खडक. आणि त्याखाली सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण. कधी या पाषाणाखाली पुन्हा एक तांबडा, गेरूसारखा चिकट पट्टा लागतो आणि त्याखाली परत मऊ, छिद्रांचा खडक सुरू होतो. पाणी या सगळ्या थरांतून सारखे येत नाही. मुरूम आणि कच्चा खडक जिथे पाषाणाला टेकतात, त्या रेषेवर भिंत ओलसर होते, घाम फुटल्यासारखे थेंब जमतात आणि मग एखाद्या भेगेतून धार लागते. विहीर खणणारे तिला झरा म्हणतात.

भूजलशास्त्राचा पहिला धडा या भिंतीवरच लिहिलेला आहे. शाळेत आम्ही जलचक्राचे चित्र शिकवतो. त्यात ढग, डोंगर, नदी आणि समुद्र ठळक असतात, आणि जमिनीखाली एक निळा पट्टा रंगवून चित्रकार मोकळा होतो. आपल्या गावांचे पिण्याचे पाणी आणि कालव्यापासून दूर असलेल्या शेतांची भिजवण याच निळ्या पट्ट्यावर चालते. तरी त्याच्याविषयी मुलांना सर्वांत कमी सांगितले जाते. स्मरणिकेत आठवणींबरोबर एखादा धडाही असावा, असे ठरले तेव्हा आम्ही हा विषय म्हणूनच निवडला. शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कितीतरी जण आज शेती करतात, ग्रामपंचायतीत बसतात, पाणीपुरवठ्याच्या कामांवर आहेत. आणि ज्यांचा पाण्याशी संबंध फक्त नळापुरता उरला, त्यांच्याही घरचे कोणी ना कोणी अजून विहिरीच्या पाण्यावरच आहे.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग ज्या काळ्या खडकाचा आहे, त्याचे नाव बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत. प्रत्येक थर थंड होताना त्यातले वायू वर चढले. त्यामुळे थराचा माथा जाळीदार, छिद्रांचा झाला; मधला भाग घट्ट राहिला; आणि आकसताना त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या. छिद्रांत पुढे पांढरी-हिरवट खनिजे आणि गारगोट्या भरल्या. असा ठिपक्यांचा खडक विहीर खणणारे मांजऱ्या म्हणून ओळखतात. एक थर निवून दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ गेला असेल, तर मधल्या काळात पहिल्याचा माथा झिजून त्याची माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून निघाली. विहिरीत लागणारा तांबडा पट्टा तो हाच.

शाळेच्या सहलीत ज्यांनी अजिंठ्याची किंवा छत्रपती संभाजीनगरजवळची लेणी पाहिली आहेत, त्यांनी हा खडक आतून पाहिलेला आहे. फक्त त्या वेळी लक्ष मूर्तींकडे आणि चित्रांकडे होते. लेणे म्हणजे भूशास्त्राच्या दृष्टीने डोंगरात घेतलेला भला मोठा छेद. पावसाळ्यात अजिंठ्याच्या काही लेण्यांत छतातून आणि भिंतींतून पाणी पाझरते. ते डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी चिरांतून उतरत, दोन थरांच्या सांध्यावरून सरकत आत आलेले असते. चित्रांचे जतन करणाऱ्यांना तो ताप आहे; भूजल शिकणाऱ्याला मात्र यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. आणि ज्या भिक्खूंनी वर्षावासासाठी हा खडक निवडला, त्यांनी पाण्याचाही विचार केला होता. जुन्नर, नाशिक, कान्हेरी इथल्या लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. विहाराला लेणे दान करावे, तशी पोढीही दान केली जाई. आतून घट्ट असलेला खडक पाणी धरून ठेवतो आणि चिरांचा खडक ते सोडून देतो, हे ज्ञान त्या पाथरवटांच्या हातात होते.

याच शहरात पुढे, सतराव्या शतकाच्या आरंभी, मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधवली. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ती योजना होती. पाणचक्कीचे पाणीही अशाच, नंतरच्या काळातल्या नहरीने येई. यात मोट नव्हती, पंप नव्हता, वीज नव्हती. डोंगर जेवढे पाणी सोडेल तेवढेच नहर घेई. आजच्या विंधन विहिरीत आणि या नहरीत जो फरक आहे, तो यंत्राचा तर आहेच; पण त्याहून मोठा म्हणजे मर्यादेचा आहे, आणि त्याचा हिशेब पुढे मांडतो.

ज्या खडकात पाणी साठते आणि ज्यातून ते उपयोगी पडेल इतक्या वेगाने बाहेर येऊ शकते, त्याला शास्त्रात जलधर म्हणतात. जमिनीखाली मोठी तळी आहेत किंवा नद्या वाहतात, ही समजूत चुनखडीच्या गुहांच्या प्रदेशात थोडीफार खरी ठरेल, आपल्याकडे नाही. आपले पाणी मुरमाच्या कणांमधल्या सांदींत, छिद्रांत आणि केसासारख्या चिरांत असते. मुरूम, कच्चा खडक आणि वरचा भेगाळलेला भाग मिळून जो जलधर होतो, तो थेट पावसाने भरतो आणि त्यातल्या पाण्याची पातळी विहिरीत जशी दिसते तशीच असते. हा मुक्त जलधर. घट्ट पाषाणाच्या किंवा तांबड्या पट्ट्याच्या खाली दाबून राहिलेले पाणी बंदिस्त जलधरातले. विंधन विहिरीत शंभर-दीडशे फुटांवर पाणी लागते आणि नळीत ते कितीतरी वर चढून उभे राहते, तेव्हा असा दाब मोकळा झालेला असतो. ‘पाताळातले पाणी उसळले’ म्हणून नारळ फोडला जातो. पाणी उसळले हे खरे, पण चढलेल्या पाण्याची उंची दाबाची खूण असते; साठा किती आहे, हे त्यावरून कळत नाही.

साठ्याचा प्रश्न मुलांना समजावण्यासाठी दोन बादल्या पुरतात. एकीत नदीची वाळू काठोकाठ भरा, दुसरीत फोडलेल्या पाषाणाचे मोठे तुकडे एकमेकांना घट्ट बसवून रचा. दोन्हींत पाणी भरा, आणि तळाला भोक पाडून किती पाणी गळते ते मोजा. वाळूची बादली कितीतरी अधिक पाणी देते. भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये देशासाठी जे निकष ठरवले, त्यांत वाळूच्या गाळाच्या जमिनीतून १०० घनमीटरमागे १२ ते २० घनमीटर पाणी निथळते असे धरले आहे. आपल्या झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टसाठी हा आकडा आहे १ ते ३. गंगेच्या मैदानातला शेतकरी आणि आपण यांच्यात पाण्याबाबत जी तफावत आहे, ती पावसापेक्षा या आकड्यात अधिक आहे. गोदाकाठी गाळाचे अरुंद पट्टे आहेत. तिथल्या विहिरी अधिक टिकतात, त्याचे कारणही हेच.

आता वहीवर हिशेब करू. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, ६५० धरू. एका हेक्टरवर ६५० मिलिमीटर म्हणजे ६५ लाख लिटर पाणी. त्यातले पुष्कळसे वाफेने आणि पिकांतून उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते. बेसाल्टच्या प्रदेशात जलधरापर्यंत पोहोचणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर, किंवा ६५ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर. खडकात पोकळी दोनच टक्के असल्याने हा एवढासा थर विहिरीची पातळी सव्वातीन मीटरने वर नेतो. श्रावणात विहीर डोळ्यांदेखत भरते आणि माणूस हुरळून जातो, ते यामुळे. पण हाच भागाकार उलटही चालतो. ६५ मिलिमीटर उपसले की सव्वातीन मीटर पाणी खाली जाते. ज्या खडकाची विहीर लवकर भरते, तिची विहीर लवकर रिकामीही होते.

या साडेसहा लाख लिटरशेजारी आता उसाचा आकडा ठेवा. एका हंगामात उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते असे धरतात, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. उसावर पडलेला पाऊस त्यातून उदार मनाने ५०० मिलिमीटर वजा केला, तरी दीड कोटी लिटर उरते. साडेसहा लाखांनी भागले तर उत्तर येते तेवीस. एक हेक्टर ऊस केवळ विहिरीवर भिजवायचा, तर तेवीस हेक्टर जमिनीत मुरलेले पाणी त्या एका हेक्टराला द्यावे लागते. ठिबक लावले तर आकडा कमी होईल, पण त्याची जात बदलणार नाही. उसाला दोष देण्याचा हा प्रकार नाही. हमखास विकले जाणारे दुसरे पीक कोणते, हा शेतकऱ्याचा प्रतिप्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भूशास्त्राकडे नाही. प्रश्न एवढाच की त्या उरलेल्या बावीस हेक्टरांचे मालक कोण आहेत, आणि त्यांना हे ठाऊक आहे का?

इथे पाण्याच्या चालीकडे वळावे लागते. १८५६ मध्ये आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून त्याने दाखवले, की पाण्याचा प्रवाह दोन गोष्टींवर ठरतो : दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत किती उतार आहे, आणि मधला पदार्थ पाण्याला किती वाट देतो. जगभरचे भूजलशास्त्र आजही या नियमावर उभे आहे. आपल्या शिवारात पातळीचा उतार साधारण जमिनीच्या उतारासारखाच, म्हणजे अंबडकडच्या उंचवट्यापासून दक्षिणेला गोदावरीकडे. समजा हा उतार दोनशे मीटरला एक मीटर आहे, खडक दिवसाला दोन मीटर वाट देणारा आहे आणि पोकळी दोन टक्के आहे. तर पाणी दिवसाला अर्धा मीटर सरकेल. वर्षाला दीडशे-दोनशे मीटर. वरच्या माळावर मुरलेला थेंब ओढ्यापर्यंत यायला कित्येक वर्षे घेऊ शकतो, आणि पूर्वी पाऊस संपल्यावरही ओढे महिनोन्‌महिने वाहत, ते अशाच मागाहून चालत आलेल्या पाण्यावर. दिवाळीनंतर ओढा कोरडा पडू लागला, तर ‘पाऊस कमी झाला’ एवढेच म्हणून थांबू नये. त्याच्याकडे येणारे पाणी वाटेत कुठे उचलले जाते, तेही पाहावे.

कारण पंप सुरू झाला की हा मंद, नैसर्गिक उतार बदलतो. विहिरीतली पातळी खाली जाते, भोवतालचे पाणी चहूबाजूंनी तिच्याकडे उतरू लागते आणि जमिनीखाली उलट्या शंकूसारखा खळगा तयार होतो. उपसा जितका जास्त आणि विहीर जितकी खोल, तितका शंकू रुंद. दोन शंकू एकमेकांना भिडले, तर उथळ विहिरीचे पाणी आधी जाते. बांध तिथे काही करू शकत नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पाण्याला तो नसतो.

विंधन विहिरीचे प्रकरण आणखी वेगळे आहे. जितके खोल जावे तितके पाणी अधिक, ही समजूत बेसाल्टमध्ये बहुतेक वेळा खोटी ठरते. खाली जावे तशा चिरा कमी होतात, बंद होतात. एखादी मोठी भेग लागलीच, तर तिच्यात पाणी मुरायला पुष्कळ वर्षे गेलेली असतात आणि ते उपसायला दोन उन्हाळे पुरतात. शिवाय या नळीला केसिंग असते ते फक्त वरच्या मातीच्या भागापुरते. खालचा भाग उघडा. त्यामुळे वरच्या जलधरातले पाणी कधीकधी याच नळीवाटे खालच्या रिकाम्या भेगांत उतरून जाते. शेजारच्या विहिरीत दहा फूट पाणी होते, बोअर घेतल्यावर ते गेले आणि बोअरलाही लागले नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. त्यात दृष्ट लागण्यासारखे काही नाही. दोन थरांच्या मधले बूच निघाले, एवढेच.

आणि पानाड्या? तळहातावरचा नारळ उभा राहिला, कडुनिंबाची फांदी वळली, तारा एकमेकींना भेटल्या, म्हणून जागा ठरवणारे गावोगाव आहेत. त्यांतल्या काहींची नजर खरोखर तयार असते. सखल भाग, हिरवा राहणारा उंबर, ओढ्याचे वळण ते पाहतात. ते भूशास्त्रच आहे, श्रेय मात्र नारळाला मिळते. शिवाय मुरमाचा थर बऱ्यापैकी जाड असेल, तर उथळ विहिरीला जवळपास कुठेही थोडेफार पाणी लागतेच. लागलेल्या जागा लोक सांगतात, कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि कर्ज मात्र कोरड्या बोअरचेही फेडावे लागते. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नये, हे आपल्या शाळेत वेगळे सांगायला नको.

वडीगोद्री परिसराला आणखी एक पाणी लाभले आहे, जायकवाडीचे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन. पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि तो आपल्या भागातून जातो. कालवा सुटला की काठच्या विहिरींना पाणी वाढते, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. म्हणजे कालव्याखालच्या पट्ट्यात आपण ज्याला विहिरीचे पाणी म्हणतो, त्यातले काही नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे असते. कालव्याच्या वरच्या अंगाच्या गावांना हा लाभ नाही, आणि वरून पाणी आलेच नाही तर खालच्यांनाही नाही. २०१२ च्या पावसाळ्यात जायकवाडीत पाणीच आले नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना शहराला पाणी पुरवणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव कोरडा होता, टँकरच्या रांगा लागल्या होत्या, आणि जिल्ह्याचा अभिमान असलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. पंधरा-वीस वर्षे वाढवलेले झाड सरपणाला तोडताना पाहिलेल्यांना तो उन्हाळा विसरता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळाशी त्याची तुलना झाली, पण एक भेद लक्षात घ्यावा. १९७२ मध्ये धान्य नव्हते. २०१३ मध्ये दुकानात धान्य होते, जलधरात पाणी नव्हते. मधल्या चाळीस वर्षांत मोटेची जागा विजेच्या पंपाने आणि पंपाची जागा पाणबुडी मोटारीने घेतली होती.

जमिनीखालचे पाणी कोणाचे, या प्रश्नाला आपल्याकडे पुष्कळ काळ इंग्रजी वळणाचे उत्तर दिले गेले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीचा मालक आपल्या हद्दीत, ठरावीक पात्रातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी गोळा करून हवे तसे वापरू शकतो. ज्याची जमीन, त्याचे पाणी. आणि ज्याला जमीनच नाही, त्याचे काहीच नाही. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी कायदा केला. त्याने सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. पुढे २००९ चा व्यापक भूजल अधिनियम आला आणि २०१४ पासून तो लागू झाला. ६० मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद त्यात आहे. कागदावर दोन्ही कायदे शहाणे आहेत. गावात मात्र बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते.

आपल्या समाजाला हा प्रश्न केवळ कायद्याचा वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा पाणी डोळ्यांसमोर होते आणि अडवणारेही समोर उभे होते. सार्वजनिक विहिरीवर आता उघडपणे कोणी अडवू शकत नाही. पण वस्तीच्या हातपंपाला एप्रिलमध्ये पाणी येईनासे होते, तेव्हा तिथे कोणीच अडवायला उभे नसते. दोनशे मीटरवर एक सहाशे फुटी बोअर चालू असतो, बस्स. ज्याच्याकडे खोल जायला पैसा आहे त्याला पाणी, ज्याच्याकडे नाही त्याने हंडा घेऊन रांगेत उभे राहायचे. या अन्यायाला चेहरा नाही, म्हणून तो अन्याय वाटतही नाही, नशीब वाटतो. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद, जो बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला, तोही दिसणाऱ्या पाण्याचा होता. दोन्ही तीरांना वाद कशावर आहे ते कळत होते, म्हणून त्यावर बोलता तरी आले. भूजलाच्या बाबतीत आधी ते दिसावे लागते. विज्ञानाचे काम तिथे सुरू होते.

हे काम करणारी शासकीय यंत्रणा आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांतल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजते. त्यावरून कुठल्या क्षेत्रात उपसा भरणापेक्षा जास्त झाला ते ठरते. पण एका पाणलोटात अनेक गावे असतात आणि निरीक्षण विहिरी मोजक्या. गावाचा हिशेब गावानेच ठेवावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो ठेवला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी विंधन विहिरी बंद केल्या, पडलेला पाऊस मोजून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवू लागले. आपल्याच जिल्ह्यात जालन्याजवळच्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम झाले. समतल चर, बांध, नाल्यांवरचे अडथळे अशा क्रमाने. आज ते द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते.

कामाच्या या क्रमाला आम्ही फार महत्त्व देतो, कारण अलीकडे पाणी अडवण्याच्या नावाखाली यंत्राने नाला खोल करण्याची हौस वाढली आहे. नाला कुठल्या थरापर्यंत खोदला, हे न पाहता खोदला तर तो जलधराला भरण्याऐवजी कापतो, आणि शेजारच्या शिवारातले पाणी त्या खळग्यात निथळून उन्हात उडून जाते. शेततळ्याचेही तसेच. पावसाचे वाहते पाणी अडवणारे शेततळे वेगळे, आणि विहिरीतून उपसलेले पाणी प्लॅस्टिकच्या अस्तरावर साठवणारे वेगळे. दुसऱ्यात खडकाच्या सावलीत सुरक्षित असलेले सामाईक पाणी वर काढून उघड्यावर ठेवले जाते. आपल्याकडच्या उन्हात वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते. फळबाग वाचवायला ते कधी अपरिहार्यही असेल. पण त्याला जलसंधारण म्हणू नये.

पाण्याच्या शुद्धतेविषयी थोडक्यात. उथळ जलधर लवकर भरतो, तसा लवकर बिघडतोही. गोठा, उकिरडा, शोषखड्डा विहिरीच्या वरच्या उताराला असेल, तर त्यातला नायट्रेट पाण्याबरोबर चालत येतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खोल पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड वाढते. ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. पाणी दिसायला स्वच्छ आहे, या पुराव्यावर विसंबू नये.

एक मोजणी मात्र प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. एक लांब दोरी घ्यावी, तिला मीटर-मीटरवर गाठी माराव्यात आणि टोकाला लोखंडी नट बांधावा. सकाळी, पंप सुरू होण्याआधी, विहिरीच्या कठड्यावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मग पंप चालवून बंद करावा आणि पाणी किती वेळात किती चढते ते पाहावे. समजा विहीर सहा मीटर व्यासाची आहे आणि चार तासांत पाणी एक मीटर चढले. तर सुमारे २८ हजार लिटर पाणी आले, म्हणजे तासाला सात हजार. ही त्या विहिरीची खरी कमाई. पंप तासाला वीस हजार लिटर ओढत असेल, तर उरलेले तेरा हजार तो साठवणीतून घेतो आहे. मोट ओढणाऱ्या आपल्या आजोबांना हे गणित बैलांच्या दमावरून कळत असे. मोटारीला दम लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे आणि पालकांकडे आमचे एक मागणे आहे. आपापल्या गावच्या जुन्या विहिरींची माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून पाठवावी : विहीर कोणत्या साली खणली, किती हातांवर किंवा किती परसांवर पाणी लागले, कोणता थर किती जाडीचा होता, पहिल्यांदा ती कोणत्या उन्हाळ्यात आटली, आणि तिच्यावर पाणी भरायला कोणाला मुभा होती, कोणाला नव्हती. शेवटचा प्रश्न गाळू नये. सोबत आजची पातळी मोजून, तारखेसह लिहावी. ऑक्टोबरच्या अखेरीची एक आणि मेच्या अखेरीची एक. आलेल्या नोंदी दहावीचे विद्यार्थी नकाशावर मांडतील आणि सारख्या पातळीच्या विहिरी रेषेने जोडतील. त्या रेषांना काटकोनात बाण काढला, की पाणी कोणाच्या शेताखालून कोणाच्या विहिरीकडे चालले आहे, ते कागदावर दिसू लागेल.